तारखेचे यंत्र आणि तारखेचा कागद

नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हा येथील एका लिलावात पाटेक फिलिप या स्विस घराण्याचे एक जुने मनगटी घड्याळ १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला विकले गेले. ते सोन्याचे नव्हते, त्याला हिरे जडवलेले नव्हते. त्याची पेटी साध्या पोलादाची होती. १५१८ या क्रमांकाने ओळखली जाणारी ही जात १९४१ साली बाजारात आली, १९५४ च्या सुमारास बंद झाली आणि त्या अवधीत तिची सारी मिळून २८१ घड्याळे तयार झाली. बहुतेक सोन्याची होती, पोलादी म्हणून आज चारच ठाऊक आहेत. संग्राहकांच्या जगात दुर्मिळता किमतीचा आकडा ठरवते, हे उघडच आहे. परंतु २८१ ची संख्या असलेल्या इतर कितीतरी वस्तू जगात पडून आहेत; त्यांना कोणी विचारीत नाही. या घड्याळाला जो मान मिळतो तो त्याच्या पोटातील एका विशिष्ट करामतीमुळे. महिना तीस दिवसांचा की एकतीस दिवसांचा, फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा की एकोणतीस दिवसांचा, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. चावी मिळत राहिली की वार, तारीख, महिना आणि चंद्राची कला ते आपण होऊन बरोबर दाखवते. घड्याळजी मंडळी तास-मिनिट-सेकंद यांपलीकडच्या प्रत्येक कामाला ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात आणि हे जे काम आहे त्याला ‘पर्पेच्युअल कॅलेंडर’, म्हणजे शाश्वत दिनदर्शिका, असे नाव आहे.

हे शाश्वतपण नेमके कशाचे, आणि तारीख ‘लक्षात ठेवणे’ म्हणजे काय, असा प्रश्न आम्ही येथे घेणार आहोत. प्रश्न घड्याळांपासून सुरू होत असला तरी त्याची खरी जागा आमच्या मते मराठी कागदपत्रांत आहे. ज्यांना जुने मराठी साहित्य, बखरी आणि पत्रव्यवहार शिकायचा वा शिकवायचा आहे त्यांना तो टाळता येणार नाही.

प्रथम यंत्र कसे चालते ते पाहू. साध्या तारखेच्या घड्याळात ३१ दातांचे एक चाक असते आणि ते मध्यरात्रीच्या सुमारास एक दात पुढे सरकते. त्याच्या लेखी प्रत्येक महिना ३१ दिवसांचा. म्हणून अशा घड्याळाची तारीख वर्षातून पाच वेळा हाताने पुढे करावी लागते. पर्पेच्युअल कॅलेंडरमध्ये याशिवाय एक चकती असते. तिच्या कडेवर ४८ महिने, म्हणजे चार वर्षे, कोरलेली असतात आणि ती चार वर्षांत एक फेरा पुरा करते. एकतीस दिवसांच्या महिन्याच्या जागी कडा पूर्ण उंचीची, तीस दिवसांच्या महिन्याच्या जागी उथळ खाच, फेब्रुवारीच्या जागी खोल खाच, आणि चौथ्या वर्षीच्या फेब्रुवारीला ती किंचित कमी खोल. एका तरफेचे टोक या कडेवर टेकलेले असते. महिनाअखेरीस ते जितके आत जाईल तितक्या तारखा घड्याळ एका उडीत ओलांडते. सारे ज्ञान त्या खाचांच्या खोलीत आहे. लंडनच्या टॉमस मज या कारागिराने १७६२ च्या सुमारास खिशातल्या घड्याळात ही युक्ती साधली. त्या वेळी पुण्यात थोरले माधवराव पेशवे गादीवर येऊन वर्ष लोटले होते. मनगटी घड्याळात ती यायला १९२५ साल उजाडावे लागले. पाटेक फिलिपने १८९८ मध्ये स्त्रियांच्या लटकत्या घड्याळासाठी बनवलेले एक यंत्र पडून होते. तेच त्यांनी मनगटी पेटीत बसवले आणि १९२७ साली विकले.

आता यातली गंमत पाहावी. त्या ४८ महिन्यांच्या चकतीला एवढेच ठाऊक आहे की दर चौथे वर्ष लीप असते. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप धरावे, हा १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी याने घालून दिलेला अपवाद तिला ठाऊक नाही. म्हणून २१०० सालच्या फेब्रुवारीत बहुतेक सारी पर्पेच्युअल घड्याळे चुकतील. अठ्ठावीस तारखेनंतर ती एकोणतीस दाखवतील आणि त्यांना हाताने पुढे ढकलावे लागेल. काही कारागिरांनी याहून दूरची तरतूद केली. १९८५ साली आयडब्ल्यूसी या घराण्यासाठी कुर्ट क्लाउस यांनी जे ‘दा विंची’ घड्याळ रचले त्यात चार आकडी वर्ष दिसते, आणि २२०० नंतरच्या शतकांसाठीची आकड्यांची पट्टी घड्याळाबरोबरच वेगळी दिली जाई. परंतु तेही घड्याळ २१०० चा अपवाद आपण होऊन जाणत नाही. याचा अर्थ असा की ज्याला आपण आजच्या कॅलेंडरचे घड्याळ म्हणतो त्याचे मन वस्तुतः ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात आहे. १९०१ ते २०९९ या अवधीत अपवादाचे वर्ष येत नाही, एवढ्यासाठीच त्याचा जुनेपणा झाकलेला राहतो.

आणि शाश्वतपणाला दुसरीही एक अट आहे. घड्याळ थांबता कामा नये. ते कपाटात आठवडाभर पडून राहिले की त्याची सारी विद्या त्या दिवशी गोठते. मग पेटीच्या कडेला असलेल्या बारीक कळा टाचणीने दाबत दाबत वार, तारीख, महिना, वर्ष आणि चंद्र पुन्हा जुळवावे लागतात. तेही रात्री उशिरा नव्हे, कारण त्या वेळी चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि मोडण्याचा संभव असतो. म्हणून आपोआप चावी बसणारी घड्याळे संग्राहक एका फिरत्या पेटीत ठेवतात. मनगटावर कोणी नसताना तेथे ती घड्याळे तारखा मोजीत बसतात. आजची तारीख काय, हे त्यांना शेवटी कोणीतरी माणसाने सांगावेच लागते.

अशी महागडी घड्याळे महाराष्ट्रात कोणी घेतली नसतील असे नाही. परंतु आपल्याकडील घड्याळांच्या संग्रहाचा मुख्य प्रवाह निराळा आहे. फाव्र-ल्यूबा या स्विस घराण्याचे प्रतिनिधी १८६५ साली मुंबईस आले, वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून मुंबईत व्यापार करू लागली, आणि पुढची सात-आठ दशके मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या मनगटावर वा खिशात यांचेच घड्याळ असे. वेस्ट एंडच्या एका घड्याळाचे नावच ‘सोवार’, म्हणजे आपला स्वार. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना निघाला. तेथल्या ‘जनता’ने घराघरांत प्रवेश केला आणि ‘कांचन’ हे आपोआप चालणारे घड्याळ लग्नाच्या देण्याघेण्यात जाऊन बसले. कांचनच्या तबकडीवर तारखेशेजारी वाराची खिडकी असे आणि तीत इंग्रजीबरोबर देवनागरीतही वार दिसत. काही जातींवर आकडेही देवनागरी होते. पर्पेच्युअल कॅलेंडरच्या मानाने ही करामत अगदी बाळबोध; पण यंत्राने दाखवलेला वार आपल्या लिपीत वाचण्याचे सुख लाखो लोकांना मिळाले ते तिच्यामुळे. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळनिर्मिती गुंडाळण्याचा निर्णय घेतला आणि त्यानंतर हीच घड्याळे संग्राहक शोधू लागले.

या संग्राहकांच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ असा एक उपहासाचा शब्द येतो. जुन्या एचएमटीचे, वेस्ट एंडचे वा फाव्र-ल्यूबाचे यंत्र घ्यायचे, दुसऱ्याच घड्याळाची पेटी आणि काटे जमवायचे, तबकडी खरवडून तिच्यावर नवा चकचकीत रंग आणि कंपनीचे नाव छापायचे, आणि ‘जुना अस्सल माल’ म्हणून विकायचे, असा तो धंदा. चांगला संग्राहक म्हणून तबकडीच्या चकाकीला भुलत नाही. अक्षराचे वळण, काट्याची लांबी, यंत्रावरचा क्रमांक आणि पेटीवरचा क्रमांक एका काळाचे आहेत की नाहीत, हे तो भिंगाखाली ताडून पाहतो. डागाळलेली पण मूळची तबकडी त्याला रंगवलेल्या तबकडीपेक्षा अधिक मोलाची वाटते. पुण्याच्या जुन्या बाजारात वा मुंबईच्या चोरबाजारात उकिडवे बसून पेटीचे झाकण उघडायला लावणारा हा मनुष्य हौशी म्हणून चेष्टेचा विषय होतो. परंतु तो जे करतो त्याला आमच्या विषयात साधनचिकित्सा म्हणतात.

वासुदेवशास्त्री खरे, राजवाडे, पारसनीस प्रभृतींनी मराठी कागद गोळा केले तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. १८७८ साली निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने बखरी आणि पत्रे छापण्यास आरंभ केला. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड पानिपतच्या सुमारच्या पत्रांचा काढला, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरकारांनी प्रसंगांच्या काळाची कशी उलटापालट केली आहे ते पत्रांच्या आधाराने दाखवले. बखर ही रंगवलेली तबकडी असू शकते. पत्र हे डागाळलेले पण मूळचे. अर्थात बखरीचे वाङ्मयीन मोल त्यामुळे कमी होत नाही. प्रश्न एवढाच की काळ ठरवायचा असेल तर पत्रावरची तारीख वाचता आली पाहिजे. आणि येथेच अडचणीला सुरुवात होते.

आम्ही राहतो त्या वाघोलीचे उदाहरण घेऊ. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आले. उंच इमारती, महाविद्यालये आणि वाहनांची रांग ही त्याची आजची ओळख असली तरी इतिहासात ते शाहूकालीन सरदार पिलाजीराव जाधवराव यांच्या घराण्याचे गाव आहे आणि वाघेश्वराच्या देवळाने त्या काळाची खूण राखली आहे. त्या काळातले असल्या कोणत्याही गावाविषयीचे सरकारी पत्र हाती आले तर त्यावर इसवी सन नसणार हे आपण धरूनच चालतो. शालिवाहन शक असेल असे मात्र आपल्याला वाटते. पुष्कळदा तोही नसतो. तेथे ‘छ’ हे अक्षर घालून एक आकडा आणि पुढे सफर, रजब, जिल्हेज असा मुसलमानी महिना असतो. हा आकडा चंद्राचा, म्हणजे चंद्रदर्शनापासून मोजलेला. वर्ष असते ते शुहूर सनाचे, आणि तेही अरबी संख्यावाचक शब्दांत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येते. शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, उन्हाळ्याच्या अखेरीस, बदलत असल्यामुळे हे वर्ष १७६०-६१ चे. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, याच वर्षातली.

या तारखेची घडण पुन्हा एकदा नीट पाहावी. महिना आणि दिवस शुद्ध चांद्र मानाचे, ज्याचे वर्ष ३५४ वा ३५५ दिवसांत संपते. वर्ष मात्र सौर मानाचे, ३६५ दिवसांचे, कारण पेरणी आणि वसुली पावसावर चालते, चंद्रावर चालत नाही. दोन निरनिराळ्या वेगाने फिरणारी चाके एकाच ओळीत बसवलेली आहेत. याचा परिणाम असा की एका शुहूर सनात सुमारे अकरा चांद्र तारखा दोनदा येऊ शकतात, एकदा वर्षारंभी आणि एकदा वर्षाअखेरीस. पत्रात घटनेचा दुसरा धागा नसेल तर ते जूनमधले की पुढच्या मे महिन्यातले, हे केवळ तारखेवरून सांगता येत नाही. खाजगी पत्रांत तर कित्येकदा तिथी आणि वार एवढेच असते. ज्याला पत्र गेले त्याला वर्ष सांगण्याची गरज नव्हती. आणि वाराचाही घोटाळा असतो. घड्याळाचा वार मध्यरात्री बदलतो, आपल्या पंचांगाचा सूर्योदयाला. शिवराज्याभिषेक इंग्रजी पद्धतीने ६ जून १६७४ च्या पहाटे, म्हणजे शनिवारी झाला. जेधे शकावली मात्र तो शुक्रवारी घालते, कारण सूर्योदयाला अजून तीन घटका अवकाश होता. दोन्ही नोंदी बरोबर आहेत.

कागदावरच्या अशा तारखा उलगडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांची नावे साहित्याच्या विद्यार्थ्याला अनेकदा ठाऊक नसतात. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी इ.स. १७२८ ते १८८९ या काळाची जंत्री तयार केली, म्हणजे निरनिराळ्या सनांतील तारखा समोरासमोर मांडलेली कोष्टके. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ सालचा. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ लंडनला निघाला. दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिशीत, दीक्षित वारले. ग. स. खरे यांची ‘शिवकालीन संपूर्ण शकावली’ संशोधकांत ‘खरेजंत्री’ म्हणूनच ओळखली जाते. जंत्री हा शब्द ‘यंत्र’ या शब्दाशी नाते सांगतो आणि ते सार्थ आहे. तिथी आणि वार घेऊन जंत्रीत शिरावे, कोणत्या वर्षी ती तिथी त्या वारी येते ते पाहावे. ढोबळमानाने सातांपैकी सहा वर्षे गळून पडतात. उरलेल्यांतून पत्रातल्या माणसांच्या आणि घटनांच्या आधाराने एक निवडावे. हे यंत्र चावीवर चालत नाही, वाचणाऱ्याच्या बुद्धीवर चालते, आणि २१०० साली ते बिघडणारही नाही.

मग आपल्या पंचांगाचे घड्याळ का होऊ नये, असा प्रश्न कोणी विचारील. ग्रेगरीच्या कॅलेंडरचा सारा वेडेवाकडेपणा माणसाने ठरवलेला आहे. फेब्रुवारी आखूड का, याला आकाशात कारण नाही. म्हणूनच तो एकदा खाच पाडून पितळेत कोरता येतो. पंचांगाचा वेडेवाकडेपणा आकाशातून आलेला आहे. तिथी सुमारे २० तासांची असते तशी २७ तासांच्या घरातलीही असते, कारण चंद्राचा वेग सारखा नसतो. त्यामुळे कधी तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो, पण तो कोणता हे सूर्यसंक्रांतीवर अवलंबून. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ अधिक. आणि क्वचित एखादा महिना पूर्ण गळतोही. असा क्षयमास शके १८८५ मध्ये म्हणजे १९६३-६४ साली आला, त्यानंतर १९ वर्षांनी १९८२-८३ साली. आता पुढचा १४१ वर्षांच्या अंतराने, २१२३-२४ साली. मनगटी घड्याळातली चंद्रकला या मानाने फारच भाबडी. तिच्या नेहमीच्या चाकाला ५९ दात असतात, म्हणजे एक चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरलेला. पाऊणएक तास दर महिन्याला हिशेबाबाहेर राहतो आणि अडीच-पावणेतीन वर्षांत एका दिवसाची चूक साचते.

शिवाय आकाशाविषयी एकमत असले तरी आरंभबिंदूविषयी माणसांचे एकमत नसते. केरो लक्ष्मण छत्र्यांनी पंचांगाचे गणित प्रत्यक्ष वेधाशी जुळवण्याचा आग्रह धरला. त्याच परंपरेतून पुढे टिळक पंचांग आले. राशिचक्राचा आरंभ कोठे मानावा याविषयी टिळक पंचांग आणि इतर प्रचलित पंचांगे यांत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. तो फरक कधी कधी अधिक मासापर्यंत पोहोचतो, आणि मग एका गल्लीतील दोन घरांची दिवाळी एकेक महिन्याच्या अंतराने होते. यातले कोणते पंचांग चाकांत कोरायचे, हे कारागीर ठरवू शकत नाही. तो वाद माणसांनीच सोडवायचा, किंवा सोडवू नये असे ठरवून त्यासह जगायचे. महाराष्ट्राने बव्हंशी दुसरा मार्ग पत्करला.

तारखेला किती प्रकारची चाके लागतात याचे सर्वांत परिचित उदाहरण शिवजन्माचे. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, आणि तीतून फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार ही तिथी पुढे आली. तोवर रूढ असलेले मत १६२७ च्या वैशाखाचे होते, आणि ते बव्हंशी बखरींच्या आधारावर उभे होते. पुढे परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही नव्या तिथीला आधार दिला. हा वाद कित्येक दशके चालला. अखेर राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. आजही काही जण तारखेने आणि काही जण तिथीने जयंती साजरी करतात. परंतु ही १९ फेब्रुवारी ज्युलियन कॅलेंडरातली आहे, हे आमच्या अनुभवानुसार इतिहासाच्या बाहेरच्या फारच थोड्या लोकांना माहीत असते. इंग्रजांनी ग्रेगरीची सुधारणा १७५२ पर्यंत मानली नाही, म्हणून इंग्रजी साधनांना अनुसरून त्यापूर्वीच्या तारखा ज्युलियन पद्धतीने देण्याचा प्रघात पडला. पोर्तुगीजांनी ती १५८२ सालीच स्वीकारली होती. सतराव्या शतकातले गोव्याचे पत्र आणि सुरतेच्या वखारीचे पत्र एकाच दिवशी लिहिलेले असले तरी त्यांवर दहा दिवसांचे अंतर दिसते. ग्रेगरीच्या हिशेबाने तो फाल्गुन वद्य तृतीयेचा शुक्रवार १ मार्च १६३० हा होता.

येथे आमचे मघाचे घड्याळ पुन्हा आठवावे. समजा, त्या दिवशी शिवनेरीवर कोणी पर्पेच्युअल कॅलेंडरचे घड्याळ ‘शुक्रवार, १९ फेब्रुवारी’ असे लावून त्यास चावी दिली असती, आणि ते आजवर क्षणभरही थांबले नसते. आज शासकीय कॅलेंडर १९ फेब्रुवारी दाखवील त्या दिवशी हे घड्याळ ६ फेब्रुवारी दाखवील, आणि वार मात्र दोघांचा एकच असेल. यंत्र चुकले असे कोणाला म्हणता येणार नाही. त्याने आपल्या ४८ खाचांशी इमान राखले. आपणच मध्येच कॅलेंडर बदलले आणि जुन्या तारखेला नव्या चौकटीत तसेच बसवले. म्हणजे तारीख हा निसर्गातला दगड नव्हे, तो माणसांनी आपसांत केलेला करार आहे. करार कोणता होता हे माहीत नसेल तर आकडा अचूक वाचूनही अर्थ चुकतो. जुना मजकूर वाचताना शब्दाविषयी आपण ही काळजी घेतो. शब्दाचा त्या काळचा अर्थ काय, हे कोशात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये असे विद्यार्थ्यांना बजावतो. तारखेविषयी मात्र बजावत नाही, आणि संपादित ग्रंथाच्या तळटीपेत दिलेला इसवी सन निमूटपणे उतरवून घेतो.

आता संग्रहाकडे वळू. पुण्यात संग्रहाची परंपरा क्षीण नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले ते कागद वाचवण्यासाठी. चष्म्यांचा व्यवसाय करणाऱ्या आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दारे, वाद्ये अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. केळकरांच्या आधी अडकित्ता ही जपून ठेवण्याची वस्तू आहे असे कोणाला वाटले नव्हते. आमच्या मते आज छापील पंचांगाची आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेची तीच स्थिती आहे. गुढीपाडव्याला नवे पंचांग येते, त्यातल्या संवत्सरफलाचे वाचन होते, आणि जुने रद्दीत जाते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि तिथी, वार, तारीख, सण, मुसलमानी महिना हे सारे एका चौकटीत स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले. १५१८ क्रमांकाच्या घड्याळात जेवढी माहिती नाही तेवढी त्या एका चौकटीत आहे, आणि ती डिसेंबरअखेर खिळ्यावरून उतरते.

पंचांगातले गणित आज संगणकाने क्षणात पुन्हा मांडता येते, मग जुनी पंचांगे कशाला हवीत, हा आक्षेप वाजवी आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. संगणक त्या दिवशी आकाशात काय होते ते सांगतो. शके अमुकमध्ये सोलापूरच्या, पुण्याच्या किंवा रत्नागिरीच्या घरात लोकांनी कोणता दिवस पाळला ते सांगत नाही. ते त्या वर्षी त्या घरात असलेले पंचांगच सांगेल. एखाद्या लेखकाच्या रोजनिशीत ‘आज अधिक मासाचा पहिला दिवस’ असे असेल तर त्याच्या घरात कोणते पंचांग चाले हे कळल्याशिवाय ती नोंद लावता येत नाही. दुसरे असे की या कागदांवर माणसांनी लिहिलेले असते. दुधाचा हिशेब, गॅसची नळकांडी, मुलाचा दात पडला तो दिवस, गावाहून तार आली तो दिवस. ज्या स्त्रियांनी आयुष्यात दुसरे काही लिहिले नाही त्यांचे हस्ताक्षर कित्येकदा कॅलेंडरच्या चौकटीतच सापडते. मराठी साहित्याच्या इतिहासाला असल्या लेखनाशी काही देणेघेणे नाही असे म्हणणारे आता फारसे उरले नसतील.

घड्याळांचे संग्राहक येथे आपल्याला दोन गोष्टी शिकवू शकतात. पहिली म्हणजे डागासह जपणे. पंचांगावरची हळद, कोपऱ्यातला दोऱ्याचा डाग, खोडलेली ओळ, हे सारे यंत्राच्या क्रमांकाइतकेच पुराव्याचे आहे. त्याची नक्कल करून मूळ टाकून देऊ नये. दुसरी म्हणजे मालिका पुरी करण्याची चिकाटी. एक पंचांग फारसे काही सांगत नाही. एकाच घरातली सलग वीस पंचांगे एका कुटुंबाचा इतिहास सांगतात. यासाठी कोट्यवधी फ्रँक लागत नाहीत. एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांतली, माळ्यावरच्या ट्रंकांतली जुनी पंचांगे आणि भरलेली कॅलेंडरे मागवली, घर, गाव आणि वर्ष यांची नोंद करून ती नीट बांधून ठेवली, तरी आरंभ झाला. वाघोलीसारख्या गावात, जेथे जुने वाडे पाडून नवे मजले चढत आहेत, तेथे हे काम पुढच्या दहा वर्षांवर टाकण्याजोगे नाही. वाडा पाडताना दार आणि तुळया विकत घेणारा येतो. ट्रंकेतले कागद मात्र रद्दीच्या भावाने, किलोवर जातात.